मातीचे भांडे आणि मानवाचा इतिहास

मराठी भाषेचा व्यवहार मातीच्या भांड्यावाचून चालत नाही, हे आमच्या वाचकांच्या सहसा ध्यानात येत नसेल. पणजोबांच्या वडिलांना आपण खापरपणजोबा म्हणतो. दुसऱ्याच्या माथी दोष मारणे म्हणजे खापर फोडणे होय. उपदेश वाया गेला की आपण पालथ्या घड्यावरील पाण्याची आठवण काढतो. पाहुण्याला ‘घटकाभर बसा’ असे म्हणतो, तेव्हाही नकळत एका लहानशा घटाचेच नाव घेतो. पाण्यात बुडणाऱ्या सच्छिद्र घटीवरून काळ मोजीत, आणि एक घटका म्हणजे २४ मिनिटे असा हिशेब असे. पुढे ती घटी तांब्याची झाली, परंतु नाव मातीच्या घटाचेच राहिले.

भाषेने असे मानाने सांभाळलेले हे भांडे आमच्या स्वयंपाकघरांतून मात्र जवळजवळ हद्दपार झाले आहे. उन्हाळ्यातला माठ आणि दिवाळीची पणती एवढीच काय ती त्याची उरलीसुरली वतने. अशा वेळी ह्या भांड्याने मानवजातीची केवढी सेवा केली आहे, आणि अजूनही ते कोणती सेवा करू शकते, ह्याचा थोडा विचार आम्ही ह्या आठवड्यात वाचकांपुढे मांडणार आहोत.

माती, पाणी आणि अग्नी

मडक्याला आपण नाजूक म्हणतो, आणि हातातून पडले म्हणजे ते फुटते ही गोष्ट खरीच आहे. परंतु ज्याला आपण इतके क्षणभंगुर मानतो, त्याच्याइतकी दीर्घायुषी वस्तू मानवाने क्वचितच घडविली असेल. लाकूड कुजते, कापड विरते, लोखंड गंजते, तांबे व सोने वितळवून त्याचे दुसरे काही केले जाते. फुटलेल्या खापराचे मात्र कोणी काहीच करीत नाही. ते उकिरड्यावर पडते, मातीखाली जाते आणि हजारो वर्षे जसेच्या तसे राहते.

ह्याचे कारण भट्टीत आहे. उन्हात वाळविलेले भांडे पाण्यात टाकले तर काही वेळात त्याचा पुन्हा चिखल होतो. परंतु सुमारे ६०० अंश सेंटिग्रेडच्या वर ते भाजले गेले, म्हणजे मातीच्या कणांशी रासायनिक रीतीने बांधलेले पाणीही निघून जाते आणि कण एकमेकांशी जखडले जातात. मग त्या मातीला पूर्वस्थितीला परतणे नाही. आमच्या कुंभारांच्या आव्यात गवत, पेंढा, शेण्या व लाकूड जाळून ही आच साधली जाते, आणि हातात कोणतेही उष्णतामापक नसता, केवळ ज्वाळेचा व धुराचा रंग पाहून ती सांभाळली जाते. भांडे पक्के झाले की नाही, ते बोटाने टिचकी मारून आवाजावरून ओळखतात. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांच्या मस्तकांची परीक्षा घेतली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले, ही परंपरेतील कथा सर्वश्रुत आहे. ती कथा कुंभाराच्या ह्या नित्याच्या परीक्षेवरूनच सुचलेली असावी.

वीस हजार वर्षांचा प्रवास

शेती आधी आली आणि धान्य साठविण्यासाठी भांडी मागून आली, अशी समजूत पुष्कळ काळ रूढ होती. परंतु चीनच्या जियांगशी प्रांतातील शियानरेनडोंग नावाच्या गुहेत सापडलेली खापरे सुमारे २०,००० वर्षांपूर्वीची आहेत, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. तेव्हा शेती सुरू व्हायला आणखी सुमारे दहा सहस्र वर्षे होती! त्या खापरांपैकी काहींच्या बाहेरील अंगास जाळाने काळवंडल्याच्या खुणा आहेत. तात्पर्य, नांगर धरण्यापूर्वी कितीतरी आधी मनुष्याने मडके चुलीवर चढविले होते. अन्न शिजविता येऊ लागल्यामुळे कठीण कंदमुळे मऊ झाली. दात नसलेल्या वृद्धांस व दात न आलेल्या बालकांस त्यांचा केवढा आधार झाला असेल, हे आमच्या वाचकभगिनींना सांगावयास नको.

आपल्या ह्या भागांतील गोष्ट पाहू. इंदूरच्या दक्षिणेस नर्मदाकाठी महेश्वर आहे. त्याच्या समोरच्या तीरावरील नावडातोली येथे १९५२ पासून डॉ. हसमुख सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले. पुण्याचे डेक्कन कॉलेज व वडोदऱ्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ ह्यांनी त्या कार्यास हातभार लावला. तेथे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या खेडुतांची चित्रित भांडी, पायाचे पेले व लांब पन्हळीसारख्या तोटीची पात्रे हाती आली. गुजरातेत लोथल येथे श्री. शिकारीपुर रंगनाथ राव ह्यांना उत्खननात एक मोठे भांडे मिळाले. त्यावर झाडावर बसलेले, चोचीत मासे धरलेले पक्षी आणि खाली कोल्ह्यासारखा प्राणी असे चित्र आहे. कावळा व धूर्त कोल्हा ह्यांची कथा त्यांना त्यात दिसली. चार हजार वर्षांपूर्वीच्या कोण्या आजीने ते भांडे दाखवून नातवंडांस गोष्ट सांगितली असेल, अशी कल्पना करण्याचा मोह आम्हांला आवरत नाही.

संगमनेरजवळच्या जोर्वे ह्या गावी १९५० साली सापडलेल्या भांड्यांनी तर एका संपूर्ण संस्कृतीला आपले नाव दिले. जोर्वे संस्कृतीची भांडी तांबूस, पातळ, काळ्या रेषांनी नटविलेली आणि इतकी उत्तम भाजलेली की टिचकी मारताच धातूसारखी वाजतात. ह्या संस्कृतीचा सविस्तर अभ्यास पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे १९६८ ते १९८३ ह्या काळात झाला. तेथील एक गोष्ट कोणाही मातापित्यांच्या अंतःकरणाला स्पर्श करील. त्या गावी मूल दगावले म्हणजे त्याला गावाबाहेर नेत नसत. दोन मातीचे रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवीत, त्यांत बालकाला निजवीत आणि घराच्या जमिनीखालीच खड्डा करून पुरीत. सोबत लहानशी वाडगी व तोटीचे भांडे ठेवीत. मुलाला तहानभूक लागेल, ही चिंता त्यांना मरणानंतरही सुटली नव्हती. त्या लोकांची भाषा आपल्याला ठाऊक नाही, त्यांचे एकही अक्षर शिल्लक नाही. तरी तीन सहस्र वर्षांपूर्वीच्या आईचे दुःख त्या मातीने आपल्यापर्यंत आणून पोहोचविले आहे.

पवित्र शास्त्रातील कुंभार

पवित्र शास्त्राच्या वाचकाला कुंभार व त्याचे चाक पदोपदी भेटतात. यिर्मया संदेष्टा परमेश्वराच्या आज्ञेवरून कुंभाराच्या घरी जातो. बिघडलेले भांडे टाकून न देता कुंभार त्याच मातीचे दुसरे भांडे घडवितो, हे तो पाहतो आणि त्यावरून इस्राएलास बोध करतो. लेवीय पुस्तकातील नियमाप्रमाणे, विटाळलेले तांब्यापितळेचे पात्र घासून शुद्ध होई, परंतु मातीचे फोडूनच टाकावे लागे. माती सच्छिद्र असते व आतील पदार्थ शोषून घेते, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या भेदामागील व्यवहारज्ञान कळते. म्हणूनच काना गावच्या लग्नघरी शुद्धीकरणाच्या पाण्याचे सहा रांजण होते ते मातीचे नव्हते. पुष्कळ चित्रांत ते मातीचे दाखवितात, परंतु संत योहानाने ते दगडी होते असे स्पष्ट लिहून ठेवले आहे. दगडाच्या पात्राला विटाळ लागत नाही, अशी यहुद्यांची धारणा होती. पहिल्या शतकातील अशी दगडी पात्रे येरुशलेमच्या परिसरात विपुल सापडली आहेत.

यिर्मयाच्याच पुस्तकात आणखी एक प्रसंग आहे. बाबेलच्या सैन्याने येरुशलेमला वेढा घातलेला, नगराचा नाश डोळ्यांपुढे दिसत असलेला, आणि अशा वेळी संदेष्टा अनाथोथ येथील शेत १७ शेकेल रुपे मोजून विकत घेतो! खरेदीखत दीर्घकाळ टिकावे म्हणून ते मातीच्या भांड्यात ठेवण्यास तो सांगतो. त्याच विध्वंसाच्या सुमारास लाखीश येथील किल्ल्याकडे सैनिकांनी खापराच्या तुकड्यांवर शाईने पत्रे लिहिली. १९३५ साली वेशीजवळच्या जळक्या खोलीत अशी १८ खापरे सापडली. त्यांतील एका खापरावर, आम्ही लाखीशच्या संकेतांची वाट पाहत आहोत, अजेका दिसत नाही, अशा आशयाचा मजकूर आहे. यहूदाच्या नगरांपैकी लाखीश व अजेका एवढीच तटबंदीची नगरे उरली होती, असे यिर्मयाचे पुस्तक सांगते. कागद नसलेल्या त्या सैनिकाने जे फुटके खापर उचलले, तेच शास्त्रवचनाचे साक्षीदार होऊन राहिले.

मातीच्या भांड्यात ठेवलेले लिखाण खरोखर किती टिकते, हे पाहण्याचा योग १९४७ साली आला. मृत समुद्राच्या काठी कुमरान येथे बदाऊनी मेंढपाळांना एका गुहेत झाकणांचे उंच मातीचे रांजण दिसले, आणि त्यांत गुंडाळ्या होत्या. यशया संदेष्ट्याचे संपूर्ण पुस्तक त्यांत होते, आणि ते सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे होते. पुढे शोध घेता अकरा गुहांतून हस्तलिखिते मिळाली. देवाने दिलेली मौल्यवान ठेव आपण मातीच्या पात्रांत वाहतो, असा विचार संत पौलाने करिंथकरांस लिहिला. तो लिहिताना रांजणातल्या ह्या गुंडाळ्या त्याच्या मनात नसतील, पण त्या गुहांनी त्याचा दृष्टान्त शब्दशः खरा करून दाखविला.

देशोदेशीचा व्यापार

एके काळी व्यापाराचा माल मातीच्या भांड्यांतूनच हिंडत असे. रोम शहरात टायबर नदीजवळ मोंते तेस्ताच्चो नावाची सुमारे ३५ मीटर उंचीची एक टेकडी आहे. ती निसर्गाने केलेली नाही, सारी फुटक्या खापरांची आहे. स्पेनहून व आफ्रिकेहून ऑलिव्हचे तेल ज्या दोन कानांच्या रांजणांतून येई, ते रिकामे झाल्यावर फोडून तेथे रचून ठेवीत. त्यांच्यावरील शिक्क्यांवरून व शाईच्या खुणांवरून तेल कोणी पाठविले, वजन किती होते, हेही वाचता येते. अशाच रांजणांचे तुकडे पुदुच्चेरीजवळ अरिकमेडू येथे १९४५ च्या उत्खननात मिळाले. भारताचा व रोमचा समुद्रमार्गाने किती निकट संबंध होता, ह्याचा तो बोलका पुरावा ठरला.

आता तर खापरे स्वयंपाकाची पाककृतीही सांगू लागली आहेत. सच्छिद्र मातीत मुरलेला स्निग्धांश प्रयोगशाळेत ओळखता येतो. पोलंडमधील सुमारे ७००० वर्षांपूर्वीच्या चाळणीसारख्या भांड्यांत दुधाचा अंश सापडला आणि त्या काळी लोक चीज करीत असत, असे २०१२ साली सिद्ध झाले. आमच्या एखाद्या आजीचे दह्याचे गाडगे उद्या कोणाच्या हाती लागले, तर तिच्या विरजणाची वार्ताही अशीच जगाला कळेल!

आमच्या घरांतील भांडी

आमच्या घरांत तरी ह्या भांड्यांचे किती प्रकार होते! पाणी आणण्यास घागर, साठविण्यास रांजण, पिण्यास माठ आणि सुरई. ताक घुसळण्यास डेरा, दही लावण्यास गाडगे, मीठ व चिंच ठेवण्यास बोळकी. कोकणात व गोव्यात मासळीचे कालवण मातीच्याच भांड्यात करीत, आणि तेच दुसऱ्या दिवशी अधिक रुचकर लागते असे जाणती माणसे सांगत. खानदेशात पालथ्या खापरावर पुरणाचे मांडे आजही भाजतात. गोव्यात काजूच्या बोंडांचा रस आंबविण्यासाठी मातीचे मोठे पात्र जमिनीत पुरीत आणि भाटीतून येणारी फेणी ‘लावणी’ नावाच्या मातीच्या पात्रात धरीत. ह्या काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला.

मातीच्या भांड्याने तोंडाचीच नव्हे, कानाचीही सेवा केली आहे. गोव्यातले घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडे असलेले मडकेच. त्याच्या मोठ्या तोंडावर कातडे ताणून बसविले की त्यातून गंभीर नाद निघतो. देवळातील आरतीला ते लागते आणि ख्रिस्ती घरच्या लग्नात मांडो गाताना व्हायोलिनच्या जोडीलाही तेच लागते. दोन समाजांच्या आनंदाला एकाच मडक्याने ताल धरावा, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे चढवीत. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा आल्यावर त्यास बंदी झाली आणि आता बकऱ्याचे कातडे वापरतात. २०१९ साली गोवा सरकारने घुमटास वारसावाद्य म्हणून घोषित केले.

माठातले पाणी थंड का होते, हे मुलांना समजावून सांगण्याजोगे आहे. माठाच्या अंगातील सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपते व बाहेर त्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते, आणि ती आतल्या पाण्यातूनच घेतली जाते. दहा लिटरच्या माठातून केवळ १०० ग्रॅम पाणी असे उडून गेले, तर बाहेरची उष्णता आत न येईल ह्या हिशेबाने उरलेले पाणी पाच ते सहा अंशांनी निवते. ग्वाल्हेर-इंदूरच्या कोरड्या उन्हाळ्यात माठाचे पाणी दाताला कळ आणील इतके गार होते, आणि गोव्याच्या दमट हवेत तोच माठ तितकासा गुण दाखवीत नाही. हा दोष कुंभाराचा नव्हे, हवेचा होय. हेच तत्त्व हाती धरून उत्तर नायजेरियातील मोहम्मद बा अब्बा ह्या कुंभारकुळातील शिक्षकाने एका मडक्यात दुसरे मडके ठेवून मध्ये ओली वाळू भरली आणि विजेवाचून भाजीपाला टिकविण्याची सोय केली. ह्या कार्याबद्दल २००० साली त्यास रोलेक्स पुरस्कार देण्यात आला. चीनमध्ये तर ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील शेतीच्या ग्रंथात, मडके जमिनीत पुरून झिरपत्या पाण्याने वेलींना पाणी देण्याची रीत वर्णिलेली आहे. पाण्याच्या टंचाईत आमच्या परसातही ती करून पाहण्याजोगी आहे.

ऱ्हास आणि कर्तव्य

जुने ते सर्व सोने, असे म्हणणारांपैकी आम्ही नव्हे. डोक्यावर घागरींची उतरंड घेऊन मैल मैल चालणाऱ्या स्त्रीला घरात नळ मिळाला, ही कृपाच होय. पितळेच्या व पोलादाच्या भांड्यांनी तिचे कष्ट कमी केले, त्यांचेही ऋण मानले पाहिजे. परंतु ह्या सोयींची किंमत एका समाजाने दिली आहे. अॅल्युमिनियम आले, मग स्टील आले, मग प्लास्टिक आले, आणि प्रत्येक वेळी कुंभाराच्या चाकाची गती मंद झाली. माती मिळणे दुरापास्त झाले, सरपण महागले, मुले शहरात कामाला गेली. डोळ्याने ज्वाळा ओळखण्याची आणि बोटाने मातीचा पोत जाणण्याची ही विद्या पुस्तकात लिहिलेली नाही. ती बापाच्या हातातून मुलाच्या हातात जाते. मध्ये एक पिढी चुकली की इतिहासाची वीस हजार वर्षे त्या घरापुरती संपली.

काही प्रयत्न चालू आहेत. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर मातीकामासाठी प्रसिद्ध असून तेथे खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकविणारी संस्था आहे. आयोगाने २०१८ पासून कुंभारांना विजेवर फिरणारी चाके देण्याची योजनाही हाती घेतली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकण्याच्या प्लास्टिकच्या पेल्या-ताटल्यांसारख्या काही वस्तूंवर देशात बंदी आली, त्यामुळे मातीच्या पेल्याला वाव मिळाला आहे. परंतु सरकारने चाक दिले तरी त्यावर फिरणाऱ्या मडक्याला गिऱ्हाईक आपणच द्यावयाचे आहे. पोलादी भांड्यांच्या दुकानात छापील किंमत निमूटपणे देणारे आपण, टोपली घेऊन बसलेल्या कुंभारणीशी मात्र दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. तिने माती खणली, चाळली, तुडविली, घडविली, वाळविली, भाजली आणि बाजारापर्यंत डोक्यावर आणली. ह्या सात कामांची मजुरी आपण त्या दोन रुपयांत कापीत असतो, हे कोणी ध्यानात घेईल काय?

शेवटी ज्या भगिनींना असे भांडे घ्यावेसे वाटेल त्यांच्यासाठी चार सूचना. भांडे घेताना टिचकी मारून पाहावे. खणखणीत वाजले तर पक्के, बद वाजले तर कच्चे किंवा तडकलेले समजावे. शिजविण्याचे नवे भांडे एक दिवस पाण्यात बुडवून ठेवावे व नंतर मंद आचेवर त्यात तांदळाची पेज उकळावी, म्हणजे छिद्रे भरतात. आच हळूहळू वाढवावी आणि तापलेले भांडे ओल्या फरशीवर टेकवू नये. धुताना साबण नको, कारण तो मातीत मुरतो. नारळाचा काथ्या व राख पुरे. चकचकीत रंगीत लेप दिलेली भांडी स्वयंपाकास खात्रीवाचून घेऊ नयेत. लेपात शिसे असल्यास चिंच, आमसूल अशा आंबट पदार्थांनी ते अन्नात उतरते. पिण्याच्या माठाला मात्र पेज लावू नये. त्याची छिद्रे मोकळी असण्यातच त्याचा गुण आहे. माठ निवेनासा झाला की तो झाडाच्या आळ्यात पुरावा आणि नवा घ्यावा.

गाडगेमहाराजांनी (१८७६–१९५६) आयुष्यभर जवळ बाळगले ते एक गाडगे. त्याच्याच नावाने लोक त्यांना ओळखू लागले. इतक्या स्वस्त वस्तूने इतक्या मोठ्या माणसाला नाव द्यावे, ह्यात आम्हांला नवल वाटत नाही. ज्या वस्तूने मानवजातीला शिजलेला पहिला घास भरविला, तिला तेवढा अधिकार खचितच आहे.